ताटातला फाटका मांडा

फार जुनी गोष्ट आहे. तापीच्या काठी एक गाव होतं आणि त्या गावात मथुरा नावाची एक सून होती. तिचा मांडा कधी म्हणून फाटत नसे. गावात तिची ओळखच ती होती.

मांडा ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी आधी सांगून टाकते. ती पुरणपोळीच, पण पोळपाटावर मावणारी नव्हे. मऊसूत कणकेत पुरण भरायचं, जरासं लाटायचं आणि मग दोन्ही हातांवर घेऊन फिरवत फिरवत पार कोपरापर्यंत वाढवायचं. पातळ झालं की चुलीवर उपड्या घातलेल्या मातीच्या खापरावर अलगद पसरायचं. हात जरा चुकला की मांडा फाटतो, पुरण खापरावर सांडतं, करपतं आणि साऱ्या आळीला वास जातो. लपवायची सोयच नाही.

त्या गावात देवीच्या उत्सवाला गावजेवण असे. देवळामागच्या पटांगणात चुली पेटायच्या, बायका ओळीने बसायच्या आणि सगळ्या गावाला पुरतील इतके मांडे करायच्या. तिथे एक रीत होती. जिचा मांडा फाटेल तिने तो पंगतीत वाढायचा नाही. आपल्या ताटात ठेवायचा आणि शेवटी बायकांची पंगत बसली की आपणच खायचा. असं का, हे कोणी विचारत नसे आणि कोणी सांगतही नसे. पण पंगत बसली रे बसली की सगळ्याजणी मान लांब करून एकमेकींच्या ताटात डोकावत.

शेजारच्या शेवंताच्या ताटात तर दरवर्षी ढीग असायचा. बाई मोठी हौशी. खापराच्या बाहेर जाईल एवढा मांडा करायला जायची आणि फाडून ठेवायची. बायका म्हणायच्या, शेवंता मांडे करत नाही, चिंध्या करते. शेवंता त्यांच्याबरोबर हसायची आणि सगळं चाटूनपुसून खायची.

मथुरेचं ताट मात्र लग्न होऊन आल्यापासून स्वच्छ. पहिल्याच उत्सवाला तिचे मांडे एकामागून एक अख्खे उतरले, तेव्हा बायकांनी तोंडात बोटं घातली. हिच्या हाताला देवीचा वर आहे, असं कोणीतरी म्हणालं आणि ते गावभर झालं. मथुरेला ते ऐकून फार गोड वाटलं. पण त्याच दिवसापासून तिच्या पोटात एक भीतीही येऊन बसली. एखादा मांडा फाटला तर? मग वर कुठे गेला म्हणतील लोक.

त्या भीतीने काय केलं, ते कोणाच्या लक्षात आलं नाही. पहिल्या वर्षी मथुरेचा मांडा खापराच्या काठापाशी पोचत होता. पुढच्या वर्षी तो बोटभर आत आला. मग चार बोटं. कणीक थोडी जाड, फिरवणं थोडं कमी. अख्खा दिसतोय ना, मग मोजायला कोण बसतंय? मथुरेला मात्र ते ठाऊक होतं.

आता गावात धुरपताबाई नावाची एक म्हातारी होती. देवीच्या नैवेद्याचा मांडा आजवर तिच्या हातचा असे. तो साधा नव्हे. खापर सगळं झाकून काठापर्यंत उतरला पाहिजे आणि समईपुढे धरला तर पलीकडची ज्योत दिसली पाहिजे. एका वर्षी धुरपताबाईचे हात थरथरायला लागले. तिने सगळ्या बायकांना बोलावून सांगितलं, की यंदा हा मांडा तुमच्यातल्या कोणीतरी करायचा. ज्यांना शिकायचंय त्यांनी रोज दुपारी माझ्या अंगणात या.

सगळ्यांनी मथुरेकडे पाहिलं. दुसरी कोण असणार? मथुरेचा तर ऊर भरून आला. माहेरी हा मांडा तिची आई करायची. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. निदान सासरी तरी देवीचा मांडा आपल्या हातून व्हावा, ही एकच इच्छा तिने मनात जपली होती.

पहिल्याच दुपारी ती धुरपताबाईच्या अंगणात हजर झाली. तिने नेहमीसारखा सुबक मांडा केला. म्हातारी म्हणाली, छान आहे, आता याच्या पुढे वाढव. मथुरेने दुसरा गोळा घेतला आणि जिथे नेहमी थांबायची तिथून थोडी पुढे गेली. करंगळीजवळ भोक पडलं आणि पुरण मनगटावरून ओघळलं. धुरपताबाईने पुढचा गोळा तिच्यापुढे सरकवला. पण शेजारी शेवंता बसली होती, आणखी दोघीतिघी होत्या, आणि सगळ्यांनी पाहिलं होतं. मथुरेचे कान तापले. दूध चुलीवर ठेवून आलेय, असं सांगून ती उठली. दुसऱ्या दिवशी तिचं डोकं दुखत होतं. त्यानंतर तिने कारण सांगायचंही सोडलं.

घरी ती आळस करत होती असं नाही हं. दार लावून रोज मांडे करायची. पण कोणते, तर येत होते तेच. ते आणखी गोल झाले, आणखी गोमटे झाले, मोठे मात्र झाले नाहीत.

शेवंता रोज जात राहिली. रोज फाडत राहिली. तिचा नवरा पारावर बसून सांगायचा, की अख्खा मांडा कसा असतो ते मी विसरूनच गेलोय. तरी संध्याकाळी ताट साफ करून ढेकर द्यायचा.

उत्सवाचा दिवस उजाडला. देवळामागे खापर तापलं, धुरपताबाई पाटावर बसली आणि तिने पहिल्यांदा मथुरेला हाक मारली. मथुरेने देवीला हात जोडले आणि गोळा घेतला. मांडा तिच्या हातांवर सुरेख फिरू लागला. वाढत वाढत तो त्या जागी आला. करंगळीखाली कणीक पातळ होतेय, हे तिला कळलं. सगळं गाव बघत होतं. मथुरा थांबली आणि तिने मांडा खापरावर पसरला.

गोल, एकसारखा, कुठे डाग नाही. पण सभोवार खापराचा काळा काठ दिसत होता. भाजून झाल्यावर धुरपताबाईने तो समईपुढे धरला. ज्योत काही दिसली नाही. म्हाताऱ्या बाईने मांडा नीट घडी करून पंगतीच्या परातीत ठेवला आणि शेवंताला बोलावलं.

शेवंताचा पहिला मांडा सपशेल फाटला. बायका हसल्या. शेवंताने तो उचलून आपल्या ताटात टाकला, हात पुसले आणि दुसरा घेतला. तो कोपराच्याही पुढे गेला. खापरावर पडला तेव्हा काठ दिसेनासा झाला. समईपुढे धरला तर पलीकडे ज्योत लख्ख. धुरपताबाईने तो देवीच्या नैवेद्याला ठेवला.

मथुरा देवळाच्या मागच्या ओट्यावर जाऊन बसली आणि पदरात तोंड घालून रडली. थोड्या वेळाने काठी टेकत धुरपताबाई आली आणि तिच्याजवळ टेकली.

"आजी, माझा मांडा फाटला नव्हता हो," मथुरा म्हणाली.

"नव्हता. तुझा कधी फाटतच नाही, माय. कारण तू मांडा करत नाहीस. तू ताट सांभाळतेस."

मथुरेने मान खाली घातली. म्हातारीने तिच्या पाठीवर हात ठेवला.

"ही रीत कशासाठी पडली, ठाऊक आहे का? मला माझ्या सासूने सांगितलं होतं. जिने फाडला तिनेच तो खावा. म्हणजे कुठे जाड राहिला, कुठे कच्चा राहिला, पुरण कुठे कोरडं होतं, ते तिच्या तिला कळतं. ती शिक्षा नाही गं, तो धडा आहे. त्याचा तमाशा आम्हीच केला. जुन्या बायकाही ताटात डोकावायच्या, पण त्या रिकामं ताट शोधायच्या. म्हणायच्या, ही यंदा होती तिथेच राहिली."

आपली किती वर्षं स्वच्छ ताटात गेली, याचा हिशेब मथुरा मनाशी करत होती आणि तो काही तिला सोसवत नव्हता. पलीकडे बायकांच्या पंगतीची पानं मांडायला सुरुवात झाली होती. घरी निघून गेली असती तर कोणी अडवलं नसतं. देवीचा वरही शाबूत राहिला असता.

तिने डोळे पुसले, उठली आणि सरळ खापरासमोर जाऊन बसली. चूल अजून धगधगत होती, परातीत कणीक होती. आता हिला काय करायचंय, म्हणून बायका थबकून बघू लागल्या. मथुरेने गोळा घेतला, फिरवला, त्या जागेपर्यंत आणला आणि या वेळी थांबली नाही. मांडा टरकन फाटला. सवयीने एक जण हसली आणि मग तिची तीच ओशाळली. मथुरेने तो फाटका मांडा भाजून आपल्या ताटात ठेवला आणि दुसरा गोळा घेतला. तोही फाटला, पण जरा पुढे जाऊन. तोही ताटात गेला.

मग ताट घेऊन ती पंगतीत शेवंताच्या शेजारी बसली. जन्मात पहिल्यांदा ती आपला फाटका मांडा खात होती. चव बरी होती, फक्त एका कडेला कणीक जाड आणि कच्ची लागली. दुसऱ्या मांड्याचीही तीच कड.

"माझा डावा हात कमी फिरतो," ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली.

"माझा उजवा," तोंडात घास असलेली शेवंता म्हणाली. "उद्या दुपारी ये. पुरण मी वाटून ठेवते."

मथुरा गेली. परवाही गेली, तेरवाही गेली. पुढच्या उत्सवाला तिचा मांडा खापराच्या काठापर्यंत पोचला आणि समईची ज्योत त्याच्यातून दिसली. तेव्हा तिला आईची आठवण आली आणि सगळ्यांसमोर तिला रडू कोसळलं. त्याही दिवशी तिच्या ताटात दोन फाटके मांडे होतेच. तिने ते चवीने खाल्ले.

म्हणतात, त्या गावच्या बायका पंगतीत अजूनही एकमेकींच्या ताटात डोकावतात. फक्त आता चिडवतात ते रिकाम्या ताटवालीला.

मुलांनी तात्पर्य विचारलंच तर त्यांना इतकं सांगावं: चुकायला नको म्हणून जो जपून राहतो, तो होता तिथेच राहतो. जो आपली चूक आपल्या ताटात घेतो आणि तिची चव ओळखतो, त्याचा हात पुढे जातो.