हौद्याच्या काठानं

“मग ती सगळी मेहनत गेली कुठं, वस्ताद?”

बाळगोंडानं हे विचारलं तेव्हा तालीम रिकामी झाली होती. सकाळची कसरत आटोपून पैलवान घरी गेले होते. कुस्तीच्या लाल मातीच्या हौद्याशी म्हातारे कासम वस्ताद तेवढे बसले होते, ताक शिंपडलेल्या मातीतली ढेकळं बोटांनी फोडत.



एके काळी बाळगोंडाची कुस्ती लागली की माणसं झाडावर चढून बघायची. ही गोष्ट खरी आहे, आणि ती चारचौघांत सांगितल्यावाचून बाळगोंडाचा दिवस मावळत नसे. पुढं लग्न झालं, उसाच्या वाहतुकीचा धंदा लागला आणि लंगोट खुंटीला गेला तो गेलाच. ऐट मात्र अंगावरून उतरली नाही.

काल तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी त्याच्या रक्तात साखर निघाल्याचं सांगितलं. रक्तदाबही वाढलेला. थोरला भाऊ आण्णाप्पा, तोही पैलवानच. त्याचा पाय याच साखरेपायी गुडघ्याखाली काढावा लागला होता. तो आता दिवसभर सोप्यात खाटेवर बसून असे. सकाळी घरातून निघताना बाळगोंडानं त्याच्याकडं बघायचं टाळलं. पैलवानाला भीती सांगता येत नाही म्हणून तो रागावून आला होता.

वस्तादांनी त्याला बस म्हटलं नाही. त्यांनी सांगितल्याशिवाय त्यांच्यापुढं बसायचं नाही, ही तालमीची रीत. अंगात सदरा-विजार असताना हौद्यात पाय ठेवायचा नाही, ही दुसरी. राहता राहिला हौद्याचा काठ. बाळगोंडाला एका जागी उभं राहवेना. तो त्या काठानं फिरू लागला.

“काय म्हणाली डाक्टरीण?”

“चाला म्हणाली. रोज, सडकेनं. पिन्शनवाल्या म्हाताऱ्यांसंगं... मला.”

वस्तादांनी आणखी एक ढेकूळ फोडलं.

“खुराक?”

“चालू हाय.”

“त्योच?”

“त्योच. दूध, तूप, बदामाची थंडाई. पैलवानाचा खुराक कसा सुटंल, वस्ताद?”

“आणि मेहनत?”

बाळगोंडा कोपऱ्यावर अडखळला. मग पुन्हा चालू लागला, आधीपेक्षा जोरात...

त्याच्या तोंडाचा पट्टाच सुटला. उद्यापासून जुनी मेहनत सांगा, म्हणाला. जोर सांगा, बैठका सांगा, गदा फिरवायला सांगा, महिन्यात साखर लोळवून दाखवतो. ते जमणार नसेल, तर ऐन जवानीत या मातीत एवढा घाम गाळला त्याचं आज काहीच कसं शिल्लक नाही, ते सांगा. कालची पोरगी येते आणि मला चालायला शिकवते. मग तुम्ही काय शिकवलं मला?

शेवटचं वाक्य तोंडातून गेलं आणि त्याची त्यालाच लाज वाटली. वस्तादांना असं आजवर कुणी बोललं नव्हतं. पण पाय काही थांबेनात. एक कोपरा झाला, दुसरा झाला...

वस्ताद ढेकळं फोडत राहिले. बाळगोंडाच्या आणखी कितीतरी फेऱ्या झाल्या.

“आण्णाप्पा कसा हाय?”

 हौद्याची एक बाजू चालून झाल्यावर बाळगोंडा बोलला.

“परवा मला म्हणाला, बाळू, पायाला खाज सुटलीया रं, जरा खाजीव... नसलेल्या पायाला, वस्ताद.”

“हं.”

“मला तसं बसायचं न्हाई. मला भ्या वाटतंय.”

हे वाक्य त्यानं बायकोलाही सांगितलं नव्हतं. ते बोलून झालं आणि अंगातला राग ओसरला. तो वस्तादांच्या समोर येऊन थांबला. छाती वरखाली होत होती. आता वस्ताद उठतील, खुंटीवरचा लंगोट काढायला सांगतील, जोरांचा आकडा सांगतील, असं त्याला वाटलं. त्या आकड्यासाठी त्यानं कान टवकारले.

वस्ताद गुडघ्यावर हात देऊन सावकाश उठले. त्यांनी हाताची माती झटकली आणि तळवा बाळगोंडाच्या पाठीवर ठेवला. सदरा पाठीला चिकटला होता. मग तोच ओला तळवा त्यांनी त्याच्या डोळ्यांसमोर धरला.

बाळगोंडा तळव्याकडं बघत राहिला. मग त्याची नजर खाली गेली. काठावर सांडलेली सैल माती त्याच्या पायांनी दाबली गेली होती. हौद्याच्या चारी बाजूंनी पायवाट पडली होती...

“भांडान अर्धंच ऱ्हायलं, बाळू,” वस्ताद म्हणाले. “ऱ्हायलेलं उद्या येऊन भांड.”