डावी बाजू गप्प

एका गावात, म्हणजे तालुक्याचं ठिकाण झाल्यापासून स्वतःला शहर म्हणवून घेणाऱ्या गावात, रत्नाकर नावाचा चपलांचा दुकानदार राहत होता. चपला तो स्वतःच शिवायचा. त्या भागात चप्पल नुसती टिकून भागत नाही, ती चालताना करकरावी लागते. माणूस गल्लीच्या तोंडाशी आला की घरात कळलं पाहिजे. म्हणून रत्नाकर तळाच्या दोन थरांमध्ये बिया घालून मगच शिवण मारी. दुकानाच्या पाटीवर त्याने मोठ्या अक्षरांत रंगवून घेतलं होतं, 'आवाजाची गॅरंटी एक वर्ष'.

या रत्नाकराला गाण्याचं भारी वेड. कानांत वायर नसलेले इअरबड घालून तो शिवायला बसे. गिऱ्हाइकाने चारदा हाक मारावी तेव्हा याने एकदा मान वर करावी, असा सगळा कारभार.

एके दिवशी गाण्यातला तबला गेला. पेटी ऐकू येत होती, तबला नाही. रत्नाकराला आधी वाटलं गाणंच तसं आहे. मग कळलं की डावा इअरबड मुका झालाय. त्याने बिल शोधून पाहिलं. वॉरंटी गेल्याच आठवड्यात संपली होती. या वस्तूंना आपली मुदत कधी संपते हे कोण सांगतं, देव जाणे, पण त्यांना ती बरोबर कळते.

इअरबड जिथून घेतले त्या दुकानात तो गेला. दुकानदार म्हणाला, "आम्ही फक्त विकतो, कंपनीला फोन करा." कंपनीला फोन केला तर एक बाई म्हणाली, इंग्रजीसाठी एक दाबा, हिंदीसाठी दोन दाबा. त्याने दाबलं. तिने पुन्हा दाबायला सांगितलं. मग बराच वेळ सनई वाजत राहिली आणि फोन कटला. दुसऱ्या दिवशी एका मुलाने सांगितलं की इअरबड कापसाने पुसा, डबीत ठेवा, झाकण लावा, झाकण उघडा. रत्नाकराने पुसलं, ठेवलं, लावलं, उघडलं. डावा काही बोलला नाही. मग तो एसटीने जिल्ह्याच्या गावी सर्व्हिस सेंटरला गेला. काउंटरवरच्या माणसाने बिलावर नुसती नजर टाकली. "मुदत संपली. हे उघडून दुरुस्तही होत नाही. नवीन घ्या," एवढं बोलून त्याने पुढच्याला बोलावलं.

रत्नाकर पार वैतागला. शेजारच्या चहावाल्यापासून बँकेच्या शिपायापर्यंत भेटेल त्याला तो ही कथा ऐकवू लागला. "विकताना कसं गोड बोलतात. आणि नंतर? माणसाचं म्हणणं तरी ऐकून घ्यावं ना." तो लांबून येताना दिसला की चहावाला भांडी घासायला बसे. तरी रत्नाकर रोज कंपनीला फोन लावी आणि उजव्या कानाने ती सनई ऐकत बसे.

असाच एकदा तो सनई ऐकत असताना येसबा दुकानात आला. येसबा म्हणजे वेशीजवळ राहणारा म्हातारा शेतकरी. त्याने पायातली डावी चप्पल काढून पुढे ठेवली.

"मालक, उजवी बोलतीया, डावी गप हाय."

रत्नाकराने चप्पल हातात घेतली नाही. पाटीकडे बोट केलं. "वर्ष होऊन गेलं, तात्या. मुदत संपली. नवीन घ्या."

"नवी कशाला? बाकी चप्पल धडधाकट हाय. नुसता आवाज पायजे." येसबा उभ्या उभ्याच सांगू लागला. त्याच्या बायकोला, हौसाबाईला, दिसत नाही. नवरा कसा आहे हे ती त्याच्या पावलांवरून ओळखते. एक पाऊल वाजतं, दुसरं वाजत नाही, म्हणून तिला वाटतं हा लंगडतोय. "रोज सांजच्याला धडक्या पायाला तेल चोळती. चप्पल बिघडलीया म्हटलं तरी पटत न्हाई. 'मला दिसत न्हाई म्हणून लपवताय व्हय,' म्हणती आन् रडती. पन्नास वर्सांत माझ्यावर कधी अविश्वास न्हवता तिचा."

तेवढ्यात सनई थांबली. रत्नाकराला घाई झाली. "एक तरी वाजतीय न्हवं?" तो म्हणाला. "मग चालायला काय अडतंय?"

येसबा चप्पल पायात घालून निघाला.

इकडे फोनवर एक मुलगी आली. तिने सगळं पुन्हा पहिल्यापासून विचारलं. रत्नाकराने दात-ओठ खात पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. मग ती गोड आवाजात म्हणाली, "सर, उजवीकडून आवाज येतो आहे ना? मग वापरायला काय अडचण आहे?"

रत्नाकराच्या अंगाचा तिळपापड झाला. तिला चांगलं खडसावायला त्याने तोंड उघडलं. पण डावा कान मोकळा होता आणि त्या कानात रस्त्यावरून आवाज येत होता. कर्र. मग काही नाही. कर्र. मग काही नाही.

त्याचं तोंड उघडंच राहिलं. आपण आत्ता काय बोललो ते त्याला आठवलं आणि त्याची त्यालाच लाज वाटली. मुलगी "हॅलो, सर" म्हणत होती. त्याने फोन बंद केला आणि चपलांचा दुकानदार अनवाणीच रस्त्यावर धावला.

येसबाला त्याने हाताला धरून परत आणलं, बसवलं, चहा सांगितला. डाव्या चपलेची शिवण उसवली. आतल्या बियांचा भुगा झाला होता. नव्या घालून शिवण मारायला चहा निवण्याइतकाही वेळ लागला नाही. मग खात्री करायला तो येसबाच्या मागोमाग त्याच्या घरापर्यंत गेला.

दोन्ही चपला करकरत दाराशी आल्या. आतून हौसाबाई म्हणाली, "आलासा व्हय? बघा, माझ्या तेलानंच गुण आला."

येसबाने रत्नाकराकडे पाहिलं, तोंडावर बोट ठेवलं आणि आत गेला.

कंपनीने शेवटपर्यंत दाद दिली नाही. डावा इअरबड अजून मुकाच आहे. रत्नाकर एका कानाने गाणी ऐकतो, दुसरा कान गिऱ्हाइकासाठी मोकळा ठेवतो. पाटी मात्र त्याने नवी रंगवून घेतली. 'आवाजाची गॅरंटी एक वर्ष. त्यानंतर चप्पल घेऊन या, बघू.'

तात्पर्य: जे ऐकून आपला जीव जळला, तेच आपण दुसऱ्याला ऐकवत नाही ना, हे आधी पाहावं. कंपन्या सुधारतील तेव्हा सुधारतील, आपलं दुकान आजच सुधारता येतं.