कडीखालची चटई

एकदा एक वृद्ध गवंडी आपल्या शिष्याला म्हणाला, "या घराचं काम तुझ्या हवाली. भिंतींना आणि छताला शेवटचा हात कसला द्यायचा, तेही तूच ठरव." बारा वर्षांत गुरूने ही निवड कधी कुणावर सोपवली नव्हती. शिष्याला आभाळ ठेंगणे झाले.

घर एका व्यापाऱ्याचे, जुनेच, पण नव्याने सजवायला काढलेले. त्याची मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी यायची होती. तिच्या खोलीच्या छताला मधोमध पाळण्याची लोखंडी कडी होती. शिष्याने त्या खोलीच्या भिंती घोटून गुळगुळीत केल्या आणि छताला मात्र दाणेदार, उठावाचे काम केले. सोयरेधायरे येत, माना वर करून वाहवा करत. शिष्य ती खाली मान घालून ऐकत असे, पण एक शब्दही वाया जाऊ देत नसे.

आठव्या दिवशी गुरू आला. त्याने वाहवा केली नाही आणि नावेही ठेवली नाहीत. छताला दाणेदारच का, एवढे विचारले. शिष्याचे उत्तर तयार होते. दाण्यांवर उजेड सौम्य होतो, बाळाचे डोळे दिपत नाहीत, खोलीला ऊब येते. उत्तर खरेच चांगले होते. कडीजवळच्या जागेचा उल्लेख त्यात नव्हता.

गुरूने एक चटई मागवली, कडीच्या बरोबर खाली अंथरली आणि शिष्याला त्यावर आडवे व्हायला सांगितले.

शिष्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भर दुपारी, घरधन्यासमोर, शेंबड्या पोरासारखे निजायचे? म्हाताऱ्याला आपले कौतुक सोसवत नाही, दुसरे काय! तो धुमसतच आडवा झाला. गुरू परांचीवर चढला आणि थापीच्या लाकडी मुठीने छत ठोकू लागला. भिंतीपासून सुरुवात करून तो सावकाश कडीकडे सरकत आला. आवाज सगळीकडे भरीव येत होता. कडी हातभर अंतरावर राहिली, पुढच्या ठोक्यासाठी मूठ उचलली गेली, आणि शिष्य ताडकन उठून भिंतीला जाऊन टेकला.

"का उठलास?" गुरूने विचारले.

शिष्याची नजर कडीजवळच्या छतावरून हटेना. मग गुरूने ठोका दिला. बद्द आवाज आला आणि परातीएवढा पोपडा दाण्यांसकट चटईवर कोसळला.

व्यापारी खवळला, पण गुरूवरच. झालेले काम फोडणारा हा कसला गवंडी, मुलगी चार दिवसांवर आली आहे, असे तो तावातावाने बोलू लागला. गुरू खाली उतरला.

"शेठजी, तिथला जुना गिलावा सुटलाय, हे याला ठाऊक होतं," तो म्हणाला. "नाहीतर ठोक्याआधी उठला नसता." मग तो शिष्याकडे वळला. "दाणेदार काम वाईट नाही. मीही केलंय, पुढंही करीन. पण तू छत बघून नक्षी निवडली नाहीस, पोकळ जागा बघून निवडलीस. सपाट छतावर भेग लगेच दिसली असती, दाण्यांत ती लपली. ज्या छताखाली तुला घटकाभर पडवत नाही, त्याखाली दुसऱ्याचं तान्हं निजवणार होतास? आणि वर वाहवा घेत होतास. मला तुझी लाज नाही वाटत. चीड येते."

शिष्याचा राग कुठे गेला, ते त्यालाच कळले नाही. सुटलेला गिलावा उतरवायला दिवस लागले असते, लोकांच्या वाहवेची घाई झाली होती, म्हणून आपण तो झाकला, हे त्याने व्यापाऱ्याला स्वतःच्या तोंडाने सांगितले. मुलीची व्यवस्था शेजारच्या खोलीत झाली. शिष्याने सगळे छत खरवडून काढले, वीत वीत ठोकून पाहिले आणि नव्याने गिलावा केला. तो पुरता वाळल्यावर त्याने त्यावर पुन्हा दाणेदारच काम केले.

काम संपले त्या दुपारी कुणी न सांगता त्याने चटई अंथरली आणि तो आडवा झाला. गुरू परांचीवर चढला आणि भिंतीपासून ठोकत कडीपर्यंत आला. तिथे त्याने चांगले तीन ठोके दिले आणि खाली पाहिले.

शिष्याचा डोळा लागला होता.

आपल्या छताला कुठली नक्षी शोभेल हे ठरवण्याआधी, त्याखाली कोण निजणार आहे, हे एकदा मनात आणावे.