मुठीची टेकडी

खडकटेंभीच्या वेशीबाहेर, मारुतीच्या देवळासमोर जी बुटकी टेकडी दिसते, तिला टेकडी म्हणतात, पण ती टेकडी नव्हे. नीट बघा. चहूबाजूंनी काळा कातळ, आणि ही एकटीच भुरकट, मऊ मातीची. कातळातून असली माती वर येत नाही. ती डोक्यावरून वाहून आणावी लागते. बायकांनी आणली, असं सांगतात. आणि वर जे वेडंवाकडं उगवलंय, ज्वारीच्या ताटाला खेटून बाजरी, मध्येच नाचणी, सगळ्यांवर चढलेला दोडक्याचा वेल, ते कुणी पेरलेलं नाही. कुणी कापतही नाही. पाखरं खातात.

पारावरच्या म्हाताऱ्यांना विचाराल तर ते हात जोडून सांगतील की, बायकांची काटकसर बघून देवी प्रसन्न झाली आणि एका रात्रीत टेकडी वर आली. त्यांना तेच सोयीचं आहे. देवीचं नाव पुढं केलं की आपल्या आजे-पणज्यांची नावं घ्यावी लागत नाहीत. खरी गोष्ट बायका सांगतात, पाखडता पाखडता. ती अशी.

फार मागं लागोपाठ दोन वर्षं इथं पाऊस झाला नाही. तेव्हा गावाचा कारभार पाच म्हाताऱ्यांच्या हातात होता, आणि बाकी चौघांचा लगाम त्यांच्यातल्याच खंडेबा मोकाशाच्या हातात. त्यांनी देवळात बसून ठराव केला. प्रत्येक घरच्या बाईनं रोज दळणाच्या धान्यातली एक मूठ बाजूला काढायची आणि गावच्या पेवात टाकायची. पेव म्हणजे जमिनीखालचं धान्याचं कोठार. ते देवळाच्या आवारातच होतं. ज्येष्ठात ते उघडून घरोघर बियाणं वाटायचं. पेव भरलं तर पेरणी, नाही तर गाव उठलं.

ठराव चांगला होता. बायकाही ते नाकारत नाहीत. पण म्हाताऱ्यांची तोंडं तेवढ्यावर मिटली नाहीत. भाजीची सालं फेकायची नाहीत, दोडक्याच्या शिरांची चटणी वाटायची. शिळी भाकरी कुस्करून फोडणीला टाकायची. धुवण गुरांना पाजायचं, भांडी राखेनं घासायची, ते पाणी परसातल्या वेलाला घालायचं. लुगडं विरलं की गोधडी, गोधडी विरली की फडकं, फडकं विरलं की दिव्याची वात. जन्मात चूल न फुंकलेल्या पाच जणांनी हे बायकांना शिकवलं. बायका ते आईच्या पोटातून शिकून आल्या होत्या. तरी त्यांनी मान डोलावली, कारण मान डोलावणं हेही त्यांना शिकवलेलंच होतं.

खंडेबाची धाकटी सून गोजरा. तिच्या सुपातून कोंडा उडायचा, दाणा कधी उडाला नाही. पानाच्या कडेला मीठसुद्धा राहू द्यायची नाही ती. सासऱ्यानं हे हेरलं आणि तिला काम दिलं. गावात फिरायचं, चुली बघायच्या, उकिरडे बघायचे, आणि कोण काय टाकतं ते देवळात येऊन सांगायचं.

"सूनबाई, गाव तुझ्या डोळ्यांवर सोडलंय," तो म्हणाला.

गोजरा फुगली. आजवर त्या घरात तिला कुणी शहाणी म्हटलं नव्हतं. ती काठी घेऊन उकिरडे उकरू लागली. कुणाच्या उकिरड्यात कांद्याचं साल अंमळ जाड निघालं तरी चारचौघींत पाणउतारा करायची. ती लांबून दिसली की बायका एकमेकींना म्हणायच्या, "आली गं कोंबडी, उकिरडा झाका."

माघ महिन्यात तिला ठकू कुंभारणीच्या उतरंडीत, खालून तिसऱ्या मडक्यात, फडक्यात बांधलेली बाजरी सापडली. सात-आठ मुठी असतील.

"चोरलीस?"

"माझ्याच घरातली मी कशी चोरीन, बाई?" ठकू म्हणाली. "चंद्रीचा ताप हटत नाही. पेज घालते तिला. ज्येष्ठाच्या आत मूठ न् मूठ भरून देईन. एवढं देवळात नको बोलूस."

गोजरा बोलली. एका पोरीसाठी सगळ्या गावाची पेरणी सोडायची का, असं तिला मनापासून वाटलं. आपण न्यायानं वागतोय असं वाटत असलं की माणसाला समोरचं तापलेलं कपाळसुद्धा दिसत नाही. म्हाताऱ्यांनी निवाडा दिला. ठकूनं ती बाजरी पेवात टाकायची आणि यापुढं रोज एकाच्या जागी दोन मुठी द्यायच्या. खंडेबा म्हणे मिशीवर हात फिरवून म्हणाला, "सून असावी तर अशी."

शिमग्याच्या आधी चंद्री गेली. चार वर्षांची होती.

गोजरा भेटायला गेली तेव्हा ठकूनं तिला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. दारात उभी राहून तिनं एवढंच विचारलं, "आता घरात तोंड कमी झालं. मूठ एक देऊ की दोन?"

ठकूनं दार लावेपर्यंत गोजरा मान खाली घालून उभी राहिली. ती परतली, पण काठी तिनं खाली ठेवली नाही. ठेवली असती, तर आपण काय केलं ते बघावं लागलं असतं.

चैत्रात सारं शिवार करपलेलं असताना देवळामागच्या घळीत हिरवं दिसू लागलं. कोण हा सांडपाणी ओतणारा, असं म्हणत गोजरा काठी टेकत घळीत उतरली. खाली चिखल होता, आणि चिखलात रोपं. ज्वारी, बाजरी, नाचणी, तुरळक गहू, सगळं एकमेकांत गुंतलेलं. ती थबकली. या गावात कुठल्याच घरात चारही धान्यं नव्हती. माळावरच्यांकडे बाजरी, सखलातल्यांकडे ज्वारी, डोंगरकडेला नाचणी, गहू फक्त मोकाशांकडे. ही चारही एकत्र यायची ती एकाच जागी.

तिनं काठीनं उकरलं. खाली पत्रावळी निघाल्या. तुपानं चिकटलेल्या, प्रत्येकीवर अर्धी लापशी टाकून दिलेली. शेजारी कोंड्याचा ढीग. तिनं ओंजळभर कोंडा उचलला, त्यात निम्मे दाणे होते. हे बाईच्या हातचं पाखडणं नव्हतं.

दर सोमवारी पाच म्हातारे देवळात बसत. गावाची चिंता करतो म्हणत. त्या वेळी बाईची सावलीही आवारात पडायची नाही. चिंतेला तूप-गुळाची लापशी लागत होती. लापशीला गहू हवा, म्हणून पेवातलं धान्य उपसायचं, गहू तेवढा निवडायचा, आणि बाजरी-नाचणी कोण खातंय म्हणत कोंड्यासकट घळीत लोटायची. वर पानात अर्धं टाकून उठायचं, कारण पान पुसून खाल्लं तर मोठेपणा कसला! मग हात धुतलेलं, भांडी विसळलेलं पाणी घळीत. त्या पाण्यावर ते उगवलं होतं. चंद्रीची बाजरीही त्यातच कुठंतरी उगवली असणार.

गोजरा घरी गेली नाही. थेट कुंभारवाड्यात गेली.

"ठकू, पेव खाल्लं त्यांनी."

"आणि राखण तू केलीस," ठकू म्हणाली. तिनं दाराआडची पाटी उचलली. "चल. तुझ्यासाठी नाही येत मी, एवढं ध्यानात ठेव."

तो सोमवारच होता. दुपारपर्यंत चाळीस बायका घळीत उतरल्या. कुजलेलं, सुकलेलं, उगवलेलं, मातीसकट सगळं पाट्यांत भरलं आणि देवळासमोर आणून ओतलं. पाटीवर पाटी. आत पंगत बसली होती. वास आला तसा खंडेबा खरकट्या हातानं बाहेर आला.

"सूनबाई, हा काय तमाशा? घरात चल आधी!"

"मामंजी, तुम्हीच सांगितलंत ना," गोजरा म्हणाली, "कोण काय टाकतं ते देवळात येऊन सांगायचं. सांगायला आले."

दुसरा म्हातारा पुढं झाला. "अगं, गावासाठीच बसतो आम्ही. चिंता करणाऱ्याला पोट नसतं का?"

"चंद्रीलाही होतं," ठकू म्हणाली. तिनं ढिगातला कोंडा सुपात भरला आणि खंडेबाच्या पुढ्यात आपटला. "पाखडा."

खंडेबानं आपल्या मुलाकडे, गोजराच्या नवऱ्याकडे पाहिलं. बयाजी गर्दीत उभा होता. त्यानं दुसरीकडे बघितलं. जन्मात तेवढं एकच काम त्यानं नीट केलं, असं बायका सांगतात. खंडेबानं सूप धरलं. दोन हिसके दिले, दाणे भुईवर उडाले.

"वेचा," ठकू म्हणाली.

पाचही म्हातारे भुईवर बसले. गोजरा बाजूला उभी राहून बघत होती. ठकूनं सहावं सूप तिच्या पायाशी ठेवलं. "तू काय बघतेस? तूही."

गोजरा म्हाताऱ्यांच्या ओळीत बसली. तिच्या सुपातून दाणा उडत नव्हता, तरी मातीतले दाणे तिनं नखांनी उकरून वेचले. दिवस मावळेपर्यंत तिनं मान वर केली नाही, असं सांगतात.

पेवाच्या तळाशी उरलेलं आणि वेचलेलं मिळून एक तृतीयांश पेरणी झाली. बाकीची जमीन पडीक राहिली. पण देवळासमोरच्या ढिगात जे कुणाच्याच बोटांना लागलं नाही, ते मृगात आपोआप उगवलं, आणि पुढल्या वर्षी त्याच ढिगानं गावाला बियाणं पुरवलं. त्या वर्षापासून प्रत्येक घर चैत्रात एक पाटी माती तिथं टाकतं. टेकडी अशी वाढली. देवीबिवी कुणी आली नाही.

आजही चैत्रातल्या शेवटच्या सोमवारी गावातले सर्वांत वयस्क पाच पुरुष आणि मोकाशांची धाकटी सून टेकडीपुढं सुपं घेऊन बसतात. पडलेला शेवटचा दाणा वेचून होईपर्यंत पंगतीला पान मांडत नाहीत, आणि पानावर पहिली वाढतात ती दोडक्याच्या शिरांची चटणी. म्हातारे गुडघ्यांची सबब सांगतात. बायका म्हणतात, "आजोबा, आडवं पडून वेचा." हेच म्हातारे लग्नात अर्धं ताट टाकून उठतात आणि घरी येऊन सुनेला गॅस बारीक कर म्हणतात. पण त्या एका दिवशी वेचतात.

वेचलेल्यातली पहिली मूठ मोकाशांची सून कुंभारवाड्यात घेऊन जाते. ठकूच्या घरातली बाई दार उघडते, पदरात मूठ घेते आणि विचारते, "एक की दोन?"

सुनेनं उत्तर द्यायचं नसतं. तिनं उंबऱ्याबाहेर मान खाली घालून उभं राहायचं, दार बंद होईपर्यंत. आजही ते दार बंद होतं.