हौसाची टिचकी आणि राजाचा बाण

सुरा फिरला, कलिंगडाच्या दोन फाकी झाल्या आणि भरल्या पंगतीत सगळ्यांचे घास हातातच राहिले! आत पांढरंफटक! आणि तेही कुणापुढे? राजा खड्गसेनाच्या नव्याकोऱ्या व्याह्यांपुढे! व्याही उपरण्याआड खुसूखुसू हसले, तशी राजाची कानशिलं तापली. आधीची गाडीभर कलिंगडं लालबुंद निघाली होती, सगळ्यांनी बोटं चाटत खाल्ली होती. पण आता त्यांचं नाव कोण काढतो!

"कुणी दिलं हे?" राजा गरजला.

"नदीपात्रातल्या निंबानं, महाराज," प्रधान अनंतपंत लगबगीनं म्हणाले. "त्याची पोर हौसा म्हणे टिचकी मारून कलिंगडाच्या पोटातलं ओळखते!"

"ओळखते? मग होऊन जाऊ दे परीक्षा!"

आता या परीक्षेचं असं, की पूर्वी एका भामट्यानं राजाला साधा पोपट भविष्य सांगणारा म्हणून विकला होता. तेव्हापासून राजानं कायदाच केला. कुणी 'मला अमुक येतं' म्हणालं, की त्याची परीक्षा! आणि एक जरी चूक झाली, की तो लबाड!

"उद्या वीस कलिंगडं मांडा. पोरीचं एक जरी चुकलं, तर बापाची कलिंगडांची वाडी खालसा!"

निंबाच्या पायाखालची वाळूच सरकली. पूर ओसरला की राजा नदीतली वाळू तुकड्यातुकड्यानं वाटून देई, आणि त्या एका तुकड्यावर त्याचं घर चाले. "पोरी, आता खायचं काय गं आपण?" तो रडकुंडीला आला. हौसाची टिचकी खरी होती, पण विसात एखादं कलिंगड दगा देणार हे तिला पक्कं ठाऊक होतं. असतंच एखादं बेटं, आतून कच्चं आणि आवाज मात्र पिकल्याचा!

दुसऱ्या दिवशी दरबार खचाखच भरला. हौसानं पदर खोचला. टिचकी! बद्द! "लाल!" कापलं, लाल! टिचकी! टण्ण! "पांढरं!" कापलं, पांढरं! रसाचे पाट वाहिले. दोन भालदार घसरून पडले, राजपुरोहितांच्या दाढीत बिया अडकल्या आणि राजा सरकत सरकत सिंहासनाच्या पार टोकाला आला. एकोणीस झाली, सगळी बरोबर! विसाव्याला टिचकी. बद्द! "लाल!"

कापलं. पांढरं!

"लबाड! लबाड!" अनंतपंतांना कोण आनंद झाला!

राजानं मिशीला पीळ भरला. "बघ पोरी! माझ्या परीक्षेतून आजवर एकही लबाड सुटला नाही!"

"आणि खरे किती सुटले, महाराज?" हौसानं विचारलं.

राजानं प्रधानाकडे पाहिलं. प्रधानानं पगडी खाजवली. "खरे... म्हणजे तसे... एकही नाही, महाराज."

"एकही नाही? अहो, तो वैद्य?" राजा चमकला.

"त्याचा एक रोगी बरा झाला नाही. हाकलला!"

"तो गवई?"

"मध्येच खोकला. हाकलला!"

"आणि माहूत?"

"हत्ती एकदा बसला नाही, महाराज. हाकलला!"

"तरीच!" हौसा म्हणाली. "दार कायमचं लावून घेतलं की चोर येत नाही खरा. पण महाराज, पाहुणाही बाहेरच राहतो की!"

"जीभ फार चालते गं तुझी!"

"जिभेचं राहू द्या. महाराजांना बाण मारता येतो का?"

"अगं, हा काय प्रश्न झाला? माझ्यासारखा तिरंदाज दहा राज्यांत शोधून सापडायचा नाही!"

"येतं म्हणालात ना?" हौसानं टाळी वाजवली. "मग कायद्याप्रमाणे परीक्षा!"

"वा वा! होऊन जाऊ द्या!" व्याही खुशीत येऊन ओरडले. आता माघार कशी घेणार? दरबारासमोरच्या तटावर वीस कलिंगडं मांडली. राजानं धनुष्य ताणलं. फट्ट! फट्ट! फट्ट! लाल चिळकांड्या उडाल्या, लोकांनी आरोळ्या ठोकल्या. राजा रंगात आला आणि त्याच रंगात एक बाण सूंऽऽ करत गेला तो थेट अनंतपंतांच्या पगडीत!

"चुकला!" हौसा ओरडली. "दवंडी पिटा रे! महाराजांना बाण मारता येत नाही होऽऽ!"

"खबरदार!" राजा लालेलाल झाला. "एक बाण हुकला म्हणून काय मला तिरंदाजी येत नाही?"

"मी तरी दुसरं काय म्हणतेय, महाराज?"

राजानं धनुष्य टाकलं आणि सिंहासनावर बसकण मारली. व्याह्यांनी उपरणं पार तोंडात कोंबलं.

"पण मग मी लबाड ओळखायचा कसा?" राजा अगदी केविलवाणा झाला. "तो पोपट अजून मला 'ये रे बाळा' म्हणतो गं!"

"सोपं आहे. कधीच न चुकणाऱ्या देवाशी मला तोलू नका. ज्याला यातलं ओ की ठो कळत नाही, त्याच्याशी तोला. आम्हा दोघांचं सारखंच आलं, तर मी लबाड!"

"पण असा माणूस मिळायचा कुठे?"

सगळ्या दरबाराचे डोळे हळूहळू अनंतपंतांकडे वळले.

पगडीतल्या बाणासकट पंत पुढे झाले. नवी वीस कलिंगडं आली. पंतांनी टिचकी मारली, बोट झिणझिणलं. "लाल!" पांढरं! "पांढरं!" लाल! "लाल!" लाल! "बघा!" म्हणून पंतांनी छाती फुगवली, तोवर पुढची तीन ओळीनं चुकली. ढीग संपला तेव्हा पंतांची निम्मी बरोबर होती आणि निम्मी चूक.

"कवड्या फेकून सांगितलं असतंत, तरी एवढी बरोबर आली असती, पंत!" हौसा म्हणाली. "आता महाराजांनीच सांगावं, आमचं दोघांचं सारखं का?"

राजा आधी गालात हसला, मग पोट धरून हसला, मग सिंहासनावरून घरंगळून रसात जाऊन बसला आणि तिथेही हसतच राहिला. "वैद्याला बोलवा! गवयाला बोलवा! माहुताला हत्तीसकट बोलवा!" त्यानं डोळे पुसले. "आणि निंबाची वाडी आजपासून पिढ्यान्‌पिढ्या या पोरीची! हौसा, यापुढे दरबारातली सगळी पारख तू करायचीस!"

हौसानं मुजरा केला आणि उठता उठता सवयीनं अनंतपंतांच्या पगडीला हळूच एक टिचकी मारली.

"काय गं?" राजानं उत्सुकतेनं विचारलं. "काय निघालं?"

"एका टिचकीवरून मी कुणाला कच्चा म्हणणार नाही, महाराज," हौसा म्हणाली. "आणखी एकोणीस मारू का?"