पोशा जावई आणि जाळ्यांचं प्रदर्शन

रेवखार नावाच्या खाडीकाठच्या गावात पोशा नावाचा एक भोळा घरजावई राहत होता. अंगानं दणकट, मनानं स्वच्छ. सांगितलेलं काम तो कधी टाळायचा नाही. जसं सांगितलं तसंच करायचा. अडचण तीच होती.

एकदा त्याच्या सासऱ्यानं त्याला होडीवर नजर ठेवायला सांगितली. भरती आली, होडी सुटली, खाडीतून बाहेर निघाली. पोशानं नजर काढली नाही. पार दिसेनाशी होईपर्यंत तो बघत होता. दोन दिवसांनी दुसऱ्या गावच्या कोळ्यांनी ती आणून दिली.

सासऱ्याचं नाव हिरोजी. होडी त्याची, म्हणून गाव त्याला हिरोजी नाखवा म्हणायचं. आता त्याचे गुडघे धरले होते आणि होडीचं सुकाणू कोणाच्या तरी हातात द्यायची वेळ आली होती. पोशाची बायको चांगुणा म्हणायची, जावयाला द्या. हिरोजी म्हणायचा, त्यापेक्षा पुतण्याला देतो, निदान होडी तरी घरी येईल.

त्या उन्हाळ्यात तालुक्याच्या गावी मैदानावर मोठं प्रदर्शन भरलं. मासेमारीचं आणि शिकारीचं सगळं सामान एका जागी. जाळी, गळ, इंजिनं, तंबू, दुर्बिणी, छर्ऱ्याच्या बंदुका. हिरोजीला नवं जाळं घ्यायचं होतं. तो म्हणाला, सगळेच जाऊ. आणि चांगुणाकडे बघून म्हणाला, हा एक दिवस तुझा नवरा धड वागला तर सुकाणू त्याचं.

चांगुणानं वाटभर नवऱ्याला बजावलं. मी सांगेन तेवढंच करायचं, आपल्या मनाचं काही करायचं नाही.

"माझ्या मनाचं मी कधी केलंय?" पोशा म्हणाला.

ते खरंच होतं.

मैदानावर ही गर्दी. फाटकातच चांगुणा म्हणाली, "हरवाल. माझा पदर धरा आणि सोडू नका."

पोशानं पदर धरला. इंजिनं बघताना धरला, दुर्बिणी बघताना धरला. एका हौदात शिकाऱ्यांची लाकडी बदकं सोडली होती, त्यांना त्यानं दुसऱ्या हातानं भाकरीचा तुकडा घातला. त्यांनी खाल्ला नाही. पोट भरलं असेल, असं म्हणून तो पुढं गेला. मग चांगुणा बायकांच्या मोरीकडं गेली. आत जाताना तिनं दार लावलं. पदर दाराच्या फटीतून बाहेर राहिला आणि पदराच्या टोकाला पोशा.

आतून चांगुणा ओढायची, बाहेरून पोशा धरायचा. बाहेर बायकांची रांग लागली. त्यांनी पोशाला पुष्कळ नावं ठेवली. पोशा त्यांना समजावत होता, की सोडायचा हुकूम नाही.

चांगुणा बाहेर आली ती लाल होऊन. ती दबक्या आवाजात म्हणाली, बाई आत गेली की हातातलं सोडायचं आणि लांब जाऊन झाडाखाली उभं राहायचं, एवढंही कळत नाही का.

"बरं," पोशा म्हणाला. "पुढच्या खेपेला तसंच करीन."

पुढं तंबूंचा मांडव होता. एक बाई लोकांना तंबू उभा करून दाखवत होती. पोशाची सासू मथुराबाई हौशी. ती तंबूत शिरली, आत गारवा कसा आहे ते बघायला. तेवढ्यात त्या बाईनं एक दोरी पोशाच्या हातात दिली. म्हणाली, "दादा, एवढी धरा, मी आत जाऊन खांब बसवते."

बाई आत गेली. पोशाला बायकोचं सांगणं आठवलं. त्यानं दोरी सोडली आणि लांब चिंचेच्या झाडाखाली जाऊन उभा राहिला.

तंबू बसला. कापडाखाली दोन टेंगळं इकडून तिकडं फिरू लागली. त्यातलं एक टेंगूळ पोशाचं नाव घेऊन बोलत होतं. माणसांनी कापड उचललं तेव्हा मथुराबाईचा अंबाडा सुटला होता आणि खांब तिच्या काखेत होता.

हिरोजी नुसता पुतण्याचं नाव पुटपुटला. चांगुणानं नवऱ्याला बाजूला घेतलं. म्हणाली, "कोणी दोरी हातात दिली की ती सोडायची नाही. ओढून धरायची. मग समोरून कोणी कितीही ओरडो."

"बरं. पुढच्या खेपेला तसंच करीन."

मैदानाच्या मधोमध व्यासपीठ होतं. तिथं प्रदर्शनाचे पाहुणे, एक वजनदार पुढारी, शुभ्र धोतर नेसून समुद्राच्या संपत्तीवर भाषण करत होते. व्यासपीठामागं पाण्याचा हौद होता, आणि हौदाकाठी टोपीवाला एक मास्तर गळ कसा टाकायचा ते शिकवत होता. त्यानं गळाची काठी पोशाच्या हातात दिली आणि सांगितलं, मागं न्या आणि झोकात फेका.

पोशानं मागं नेली. मागं नेतानाच झोक जरा जास्त झाला. गळ हौदात पडायच्याऐवजी व्यासपीठावर गेला आणि पाहुण्यांच्या धोतराच्या काष्ट्यात रुतला.

मास्तर ओरडला, सोडा, सोडा. पोशानं ओळखलं, की हेच ते ओरडणं. त्यानं दोरी ओढली. काठीचं चाक फिरवलं, आणखी ओढली.

पाहुणे भाषण करत करत मागं सरकू लागले. मग भाषण थांबलं, पण सरकणं थांबलं नाही. व्यासपीठाच्या पायऱ्या ते उलटे उतरले. दोन्ही हातांनी धोतर धरलं होतं, त्यामुळं नमस्कार करता येत नव्हता. लोकांना वाटलं, हाही प्रदर्शनाचाच भाग. त्यांनी टाळ्या वाजवल्या. मास्तरनं कात्रीनं दोरी कापली तेव्हा पाहुणे हौदापासून हातभर अंतरावर होते.

हिरोजी चांगुणाला एवढंच म्हणाला, "सुकाणू पुतण्याला देतो. आता माझ्यापाशी हा विषय काढू नको." आणि तो मथुराबाईला घेऊन जाळ्यांच्या मांडवाकडं निघून गेला.

चांगुणा एका दोरखंडाच्या वेटोळ्यावर बसून राहिली. पोशानं तिला लिंबाचं सरबत आणून दिलं. तिनं घेतलं नाही. तो पेला धरून तसाच उभा राहिला. बायको रडत नव्हती, पण रडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तो म्हणाला, "मी काय करायला पाहिजे होतं ते सांग. एकदा सांग. आता चुकणार नाही."

चांगुणाला त्याची दया आली. तिनं अगदी सावकाश सांगितलं. गळाला किंवा जाळ्याला भलतंच कोणी लागलं, तर ओढत बसायचं नाही. हात जोडायचे, माफी मागायची, हळूच सोडवायचं, आणि जिथून आलं असेल तिथं नेऊन पोचवायचं. म्हणजे पाहुण्यांना त्यांच्या खुर्चीवर.

शेवटचं वाक्य पोशानं ऐकलं नाही. तोवर तो बाकीचं पाठ करत होता.

जाळ्यांच्या मांडवात हिरोजी एका जाळ्याची घासाघीस करत होता. मथुराबाई कोळीण खरी. जाळं नुसतं बघून तिला पटेना. तिनं बांबूवर टांगलेलं एक जाळं अंगाशी ओढून त्याच्या विणीचे डोळे ताणून बघितले. एक डोळा बांगडीत अडकला. तो सोडवताना दुसरा नथीत अडकला. ती गिरकी घेऊन मागं वळली आणि सगळी गुंडाळली गेली.

पोशा तिथं पोचला तो हे बघायला. त्याला फार आनंद झाला. त्यानं हात जोडले. माफी मागितली. नथ हळूच सोडवली, बांगडी सोडवली, सासूला मोकळी केली. मग हिरोजीपाशी जाऊन अदबीनं विचारलं, "मामा, मामींना तुम्ही कुठून आणलंत?"

हिरोजी घासाघिशीत होता. मान वर न करता म्हणाला, "पलीकडच्या भाटखारहून. का?"

"काही नाही," पोशा म्हणाला.

भाटखार मथुराबाईचं माहेर. मैदानाच्या खालीच धक्का होता आणि तिथून माणसं पलीकडं नेणारी होडी, म्हणजे तर, सुटायची. मथुराबाई सकाळपासून घोकत होती, की इतक्या जवळ आलो, भावाचं घर समोर दिसतंय, पण मला कोण नेणार. जावई येऊन म्हणाला, चला मामी, मामांना विचारलंय. तिला वाटलं, नवऱ्याला एकदाची दया आली. ती पदर सावरून जावयामागं निघाली.

इकडं हिरोजीनं जाळं घेतलं आणि बायको दिसेना. चांगुणा आली, नवरा दिसेना. दोघांनी सगळे मांडव पालथे घातले. तंबू उचलून बघितले. कर्ण्यावरून मथुराबाईचं नाव पुकारलं. ऊन उतरलं तेव्हा धक्क्याकडून पोशा एकटाच चालत आला. चेहऱ्यावर समाधान.

"आई कुठंय?" चांगुणानं विचारलं.

"सोडली."

"कुठं सोडली?"

"जिथून आली होती तिथं. जाळ्यात सापडली होती."

हिरोजी नव्या जाळ्यावर मटकन खाली बसला. भाटखारहून येणारी शेवटची तर लागून गेली होती. बायकोला तिच्या भावाच्या दारात जावयानं नेऊन सोडली, आता लोक काय म्हणतील, असं त्याच्या मनात आलं. त्याचा आवाज चढला. "अरे, मी तिला वाजतगाजत आणली होती. आणि तू मुकाट्यानं परत सोडून आलास? उद्या जायचं आणि मी आणली होती तशीच घेऊन यायचं."

"बरं," पोशा म्हणाला. "तशीच आणीन."

दुसऱ्या दिवशी तो उजाडताच गेला. दुपार झाली तरी आला नाही. हिरोजी किनाऱ्यावर नव्या जाळ्याला शिशाच्या गोळ्या ओवत बसला होता. तेवढ्यात खाडीवरून खालूबाजा ऐकू आला. कोणाचं लग्न आहे म्हणून माणसं घराबाहेर आली. चांगुणाही आली आणि दाराची चौकट धरून उभी राहिली.

होडी वळणावरून पुढं आली. तिला आंब्याचे डहाळे बांधले होते. पुढं सनई आणि ढोलकं. मागं भाटखारची निम्मी माणसं, नटूनथटून. मधोमध पाटावर मथुराबाई बसली होती. हिरवं लुगडं, हिरव्या बांगड्या, कपाळाला मुंडावळ्या. तिला नवऱ्याचा निरोप जसाच्या तसा मिळाला होता. आधी ती हसली होती, मग लाजली होती, मग भावानं पेटीतून लुगडं काढलं होतं. आता ती मान खाली घालून बसली होती आणि किनाऱ्याकडं हळूच बघत होती.

होडी लागली. पोशा गुडघाभर पाण्यात उतरला आणि सासऱ्यासमोर हात जोडून उभा राहिला.

"मामा, तशीच आणलीय. वाजंत्री तेव्हाच्याच घरातले आहेत. भटजी तेवढे तेच मिळाले नाहीत, ते वारले. त्यांचा मुलगा आणलाय." मग त्यानं सासऱ्याला पिकलेल्या डोक्यापासून दुखऱ्या गुडघ्यापर्यंत काळजीनं न्याहाळलं. "आता तुम्ही तेवढे तेव्हासारखे व्हा. मुहूर्त टळतोय."

हिरोजीनं जावयाकडं बघितलं. होडीतल्या बायकोकडं बघितलं. तिच्याकडं जरा जास्त वेळ बघितलं. मग जाळं बाजूला ठेवून, गुडघे धरत धरत उठला आणि घरात गेला. चांगुणाला वाटलं, बाबा आता काठी घेऊन येतात.

तो धुतलेला सदरा घालून आला आणि म्हणाला, "अंतरपाट कोण धरतंय?"