खाली पाहणारे संत अंतोनी

एकदा एक वृद्ध चित्रकार व्हेनिस शहरात राहत होता. काळ अठराव्या शतकाचा. चर्चच्या वेदींसाठी संतांची चित्रे काढण्यात त्याची हयात गेली होती. हाताखाली पंचविशीतला एक शिष्य होता. हात गोड, डोके मात्र गरम. तिथली रीत अशी, की मोठे चित्र रंगवण्याआधी कागदावर शाईने रेखाटन करायचे, गिऱ्हाइकाला दाखवायचे आणि त्याने मान डोलावली तरच पुढे जायचे.

एका व्यापाऱ्याने तीन संत मागितले: लुसिया, रोक आणि अंतोनी. त्याचा एकुलता मुलगा जहाजासकट बेपत्ता होता, आणि हरवलेले मिळवून देणारे अशी अंतोनींची ख्याती. वृद्धाने हे काम प्रथमच शिष्यावर सोपवले. रेखाटन पसंत पडले तर चित्रही त्यानेच रंगवायचे. नाही तर आहेच पुन्हा इतरांसाठी शाई घोटणे. शिष्याने जीव ओतला. तिन्ही संत ढगांवर उभे केले, तिघांची मुखे स्वर्गाकडे, ध्यानात लीन. अंतोनींचा चेहरा तर असा साधला, की शेजारपाजारचे लोक मुद्दाम येऊन पाहून गेले.

व्यापारी येण्याच्या आदल्या दिवशी वृद्धाने रेखाटन बराच वेळ न्याहाळले. मग चाकू घेतला, अंतोनींचा चेहरा नेमका कापून काढला आणि मागून खळ लावून तिथे कोरा कागद डकवला.

"अहो मास्तर!" शिष्य किंचाळला. "माझ्या पोटावर पाय का देताय? सगळ्यात चांगलं तेच होतं!"

"होतं खरं. माझ्या हातून असं झालं नसतं," वृद्ध म्हणाला. "आता गुडघे टेक."

त्याने कागद भिंतीवर, वेदीवरचे चित्र असते तितक्या उंचीवर टाचला. शिष्य धुसफुसत गुडघ्यांवर बसला.

"काय दिसतं?"

"दोन हनुवट्या. तिसरी तुम्ही कापलीत."

"आणि लुसियाबाईंचे डोळे?" संत लुसियांच्या हातातल्या ताटलीत त्यांचेच उपटलेले डोळे दाखवण्याचा प्रघात आहे.

"ताटलीतले? तेही वरच बघतायत," शिष्य पुटपुटला. त्याला हसू फुटत होते, पण रागही गेला नव्हता.

वृद्ध त्याच्या शेजारी बसला. "अरे, तो बाप चर्चमध्ये तुझी रेघ बघायला येणार नाही. तो असाच गुडघ्यांवर येणार. आणि हे तिघंही देवाशी बोलण्यात गर्क! त्याच्याकडे बघायला एकालाही सवड नाही. संत देवाकडे बघतात, यात काय नवल? पण आपल्या हाकेला ते वळतात, म्हणून तर आपण हाक मारतो. दोघं राहू देत वर. एकाला खाली बघू दे."

शिष्याने नवा चेहरा काढला. तो पहिल्याइतका देखणा झाला नाही. कपाळ मोठे दिसत होते, हनुवटी आत गेली होती. आपला निकाल लागला, असे त्याने मनोमन धरले.

दुसऱ्या दिवशी व्यापारी आला. माणूस जाणकार होता. रोक यांच्या झग्याच्या चुण्या त्याने वाखाणल्या, ढगांबद्दल एक शंका काढली. मग त्याची दृष्टी अंतोनींपाशी आली आणि बोलणे मध्येच तुटले. त्याने डोक्यावरची टोपी काढली.

"झानेत्तो नाव आहे त्याचं," तो हळूच म्हणाला. गुरूला नाही, शिष्याला नाही, कागदाला. "उंच आहे. उजव्या भुवईवर लहानपणचा व्रण आहे. हसला की डावा गाल आधी हलतो."

तो खुणा सांगत राहिला. रेखाटन पसंत आहे का, हे विचारायचे शिष्याच्या ध्यानातच राहिले नाही. तो भिंतीला टेकून मान खाली घालून ऐकत होता.

आपण कोणी संत नव्हे. पण समोरचा आपले हरवलेले माणूस सांगू लागला, तर निदान तेवढा वेळ आपली समाधी बाजूला ठेवायला काय हरकत आहे?